मुळशीची करवंदे आणि जांभळे : सरबतापासून वाईनपर्यंत



एप्रिल संपत आला की पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाट्या मांडलेल्या दिसू लागतात. पाटीत काळीभोर करवंदे आणि शेजारी पानांचे द्रोण. 'डोंगरची काळी मैना' म्हणून ती विकली जातात. जूनच्या सुरुवातीला त्याच जागी जांभळे येतात. सकाळी नऊला द्रोणाला जो भाव मिळतो तो दुपारी तीनला मिळत नाही. संध्याकाळी उरलेली पाटी डोक्यावर घेऊन घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी पिचलेला माल उकिरड्यावर टाकायचा, हा अनुभव मुळशीतल्या अनेक कुटुंबांना आहे. फळ डोंगराने फुकट दिले असले तरी ते वेचण्यात गेलेला दिवस फुकट नसतो.

मुळशी तालुका भाताचा. आंबेमोहोर इथला. चढाच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. १९२१ साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह भाताच्या खाचरांसाठीच होता, हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु खाचराच्या वर, बांधावर आणि जाळ्यांत जे पिकते त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. या लेखात त्या फळांपासून कोणती पेये होतात, ती टिकतात कशी, आणि वाईनबद्दल शेतकरी नेहमी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे काय, ते सांगितले आहे.

फळाची तोडणी

पेयासाठी करवंद पूर्ण काळे झालेले घ्यावे. लाल किंवा अर्धे पिकलेले फळ चीक सोडते, तो चीक भांड्याला आणि फडक्याला चिकटतो आणि रसाला तुरटपणा येतो. अर्धकच्ची फळे फेकू नयेत. त्यांत पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे जेली उत्तम होते. हिरव्या करवंदांचे लोणचे कसे घालायचे ते आपल्या घरातील आईला किंवा सासूबाईंना विचारावे, विद्यापीठाला नको.

जांभळाच्या बाबतीत पहिली सूचना फळाची नसून माणसाची आहे. जांभळाची फांदी ठिसूळ असते. ती दिसायला मनगटाएवढी असली तरी पाय देताच मोडते, आणि पावसाने ओली झाली की पायही घसरतो. शेंड्याच्या फळासाठी झाडावर चढू नये. झाडाखाली स्वच्छ ताडपत्री किंवा जुनी नायलॉनची जाळी बांधून फांद्या बांबूच्या आकडीने हलवाव्यात. जमिनीवर पडून फुटलेले, मातीला लागलेले फळ रसासाठी घेऊ नये. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर फळे पाणी पितात, फुटतात आणि गोडी उतरते. म्हणून पावसाच्या आधीच्या आठवड्यातील फळ सर्वांत चांगले.

ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीत किंवा राखीव जंगलात वेचणी करण्यापूर्वी वनरक्षकाला विचारावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजावर हक्क दिला आहे, परंतु दावा मंजूर झाला आहे की नाही हे ग्रामसभेच्या दप्तरात पाहून ठेवलेले बरे.

रस काढणे

फळे दोन-तीन पाण्यांतून धुऊन निथळावीत. स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात हाताने किंवा लाकडी रवीने चेचावीत. बी फुटू देऊ नये. जांभळाची बी फुटली तर रस कडवट होतो, म्हणून मिक्सर वापरू नये. चेचलेला लगदा मंद आचेवर ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे हात लावल्यास चांगला चटका बसेल पण उकळी फुटणार नाही इतका, ८-१० मिनिटे गरम करावा. जांभळाचा रंग सालीत असतो. थंड लगदा पिळला तर फिकट रस मिळतो, गरम केला तर गडद जांभळा. मात्र खळखळून उकळले तर ताज्या फळाचा वास जातो आणि शिजवल्याची चव येते. नंतर मांजरपाटाच्या दुहेरी फडक्यातून पिळून घ्यावे.

लोखंडी कढई, तांब्याचे पातेले किंवा ॲल्युमिनियमचे टोप वापरू नयेत. रस आंबट असतो, तो धातू खातो. लोखंडाशी जांभळातील टॅनिनची गाठ पडली की रस शाईसारखा काळा होतो.

स्क्वॅश

बाजारात 'स्क्वॅश' म्हणून विकायचे असेल तर त्यात किमान २५ टक्के रस आणि किमान ४० टक्के विद्राव्य घटक असावे लागतात. खालील प्रमाण दोन्ही अटी पूर्ण करते.

रस १ किलो, साखर १ किलो २०० ग्रॅम, पाणी ८०० ग्रॅम. साखर आणि पाणी एकत्र करून उकळावे, त्यातच सायट्रिक आम्ल टाकावे: जांभळासाठी २० ग्रॅम, करवंदासाठी ५ ते १० ग्रॅम, कारण करवंद मुळातच आंबट असते. पाक गाळून पूर्ण थंड झाल्यावर रस मिसळावा. सुमारे ३ किलो स्क्वॅश तयार होतो. त्यासाठी १.८ ग्रॅम सोडियम बेंझोएट थोड्या कोमट पाण्यात वेगळे विरघळवून शेवटी मिसळावे आणि चांगले ढवळावे. हे वजन अंदाजाने, चिमटीने घेऊ नये. सोनाराच्या काट्यासारखा लहान वजनकाटा बचत गटाने एकदा विकत घेतला की अनेक वर्षे पुरतो.

आंबट पेयातच बेंझोएट काम करते. म्हणून 'आमच्याकडे आंबट खात नाहीत' असे म्हणून सायट्रिक आम्ल गाळले तर परिरक्षकही वाया जातो आणि बाटली आंबते.

इथे एक चूक सांगतो, ती माझीच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकात मी लिंबाच्या स्क्वॅशची सवय म्हणून करवंदाच्या रसात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकले. पंधरा मिनिटांत तो सुंदर किरमिजी रस फिका पडला, धुतलेल्या लुगड्यासारखा. समोर बसलेल्या भगिनींपैकी एकीने विचारले, "साहेब, हे करवंदाचं का कोकमाच्या सालीचं?" लिंबू, आंबा, अननस यांना मेटाबायसल्फाइट चालते. लाल-जांभळ्या रंगाच्या फळांना चालत नाही, कारण त्यातील गंधकाचा वायू तोच रंग मारतो. करवंद, जांभूळ, कोकम, डाळिंब यांना बेंझोएटच वापरावे.

बाटल्या काचेच्या असाव्यात. अर्धा तास पाण्यात उकळून, उलट्या ठेवून वाळवाव्यात. भरताना तोंडाशी दोन बोटे जागा सोडावी. पिताना एक भाग स्क्वॅशला तीन भाग थंड पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. करवंदाच्या सरबतात किंचित काळे मीठ घातले तर पुण्याचा पाहुणा दुसरा पेला मागतो.

परिरक्षक नको असेल तर साखर वाढवून ६५ टक्क्यांवर नेलेले सिरप करावे. ते टिकते, पण साखरेचा खर्च वाढतो आणि फळाची चव मागे पडते. माझे मत स्क्वॅशच्या बाजूचे आहे.

आंबील आणि नाचणीचे सत्त्व

पेय म्हटले की फळच डोळ्यांसमोर येते. पण मुळशीच्या घरात उन्हाळ्याचे खरे पेय म्हणजे आंबील. नाचणीचे पीठ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवायचे, सकाळी पाण्यात शिजवून लसूण, जिरे, मीठ घालायचे. रात्रभरात त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. दह्यात असतात तेच. त्यामुळे आंबटपणा येतो, पीठ पचायला हलके होते. यात नशा येण्याजोगे काही नसते आणि शिजवल्यावर जिवाणूही राहत नाहीत. लहान मुलाला, बाळंतिणीला, कामावरून आलेल्याला ती निर्धास्त द्यावी. आजारातून उठलेल्याला मात्र आंबेमोहोराची पेजच बरी, तिचा वासच निम्मी भूक आणतो.

नाचणी १२ तास भिजवून, ओल्या फडक्यात दोन दिवस बांधून मोड आणले, सावलीत वाळवून मंद भाजून दळले की नाचणीचे सत्त्व होते. मोड येताना दाण्यात विकर तयार होतात आणि ते पिठातील स्टार्चची साखर करू लागतात, म्हणून सत्त्वाची पेज पातळ आणि गोडसर लागते. आता गंमत पाहा. बिअर करणारे कारखाने बार्लीवर नेमकी हीच क्रिया करतात. भिजवणे, मोड आणणे, वाळवणे. त्यालाच ते माल्ट म्हणतात. तिथपर्यंत आपल्या सत्त्वात आणि बिअरमध्ये काही फरक नाही. पुढे ते त्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळतात आणि यीस्ट घालतात. नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगरात तर नाचणीचीच बिअर होते. तिकडे नाचणीला 'कोदो' म्हणतात (आपला कोद्रा वेगळा). आंबवलेले दाणे उंच लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि नळीने ओढून पितात. त्या भांड्यावरून त्या पेयाला 'तोंगबा' म्हणतात. आपल्या राज्याचा कायदा वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

वाईन कशी होते

मेळाव्यात जांभळाचे प्रात्यक्षिक संपले की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, याची वाईन होते का?" होते. चांगली होते. जांभळात रंग आहे, टॅनिन आहे, आंबटपणा आहे, म्हणजे लाल वाईनला जे लागते ते जवळपास सगळे आहे. कमी असते ती साखर.

यीस्ट हा सूक्ष्म जीव साखर खातो आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू करतो. एक लिटर रसातील साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल बनते. जांभळाच्या रसात लिटरमागे १२० ग्रॅमच्या आसपास साखर धरली तर ७ टक्के अल्कोहोल होईल. वाईन टिकायला ११-१२ टक्के लागते, म्हणून लिटरमागे ८० ग्रॅमच्या आसपास साखर बाहेरून घालावी लागते. करवंदाचा प्रश्न उलटा आहे, त्याचा आंबटपणा इतका की पाणी मिसळून तो कमी करावा लागतो. शिवाय त्यातील पेक्टिनमुळे वाईन गढूळ राहते, त्यासाठी पेक्टिन फोडणारे विकर वापरतात. निवडक यीस्ट, २० ते २५ अंश तापमान, एक-दीड आठवडा जोराचे आंबवण, मग गाळ सोडून निवळ वरून काढणे आणि काही महिने हवाबंद मुरवणे असा क्रम आहे. मुरताना हवा लागली तर दुसरे जिवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. म्हणूनच वाईनरीत सगळा आटापिटा हवा दूर ठेवण्याचा असतो.

आता कायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. वाईन, बिअर, हातभट्टी यांत त्या कलमापुरता फरक नाही. विकायला केली की घरी प्यायला केली, यानेही सुटका होत नाही. शिक्षेत तुरुंगवास आहे. 'परदेशात लोक घरी करतात' हे खरे असले तरी ते पौडच्या पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो आणि तो जागा, यंत्रसामग्री, हिशेब या सगळ्याची अट घालूनच देतो. म्हणून वर दिलेली माहिती क्रिया समजण्यासाठी आहे, स्वयंपाकघरात करून पाहण्यासाठी नाही.

कायद्याखेरीज आणखी एक कारण आहे. एक लिटर जांभळाच्या रसातील साखर पूर्ण आंबली तर तीस लिटरच्या आसपास वायू तयार होतो. माझ्या घरी उरलेला ताजा रस मी एकदा गडबडीत घट्ट बुचाच्या बाटलीत भरून कपाटात ठेवला. वाईन करायचा विचारही नव्हता, दुसऱ्या दिवशी स्क्वॅश करायचा होता. उन्हाळा, आणि फळाच्या सालीवर यीस्ट असतेच. तिसऱ्या रात्री बाटली फुटली. काचेचा तुकडा पलीकडच्या भिंतीत रुतला होता आणि छतावरचा डाग रंग काढेपर्यंत गेला नाही. खोलीत कोणी नव्हते म्हणून हे हसत सांगता येते. ताजा रस त्याच दिवशी वापरावा, नाहीतर गोठवावा. बाटलीचे बूच फुगले किंवा रसात बुडबुडे दिसले तर तोंड लांब धरून सावकाश उघडावे आणि तो रस टाकून द्यावा.

वायूबद्दल जाता जाता आणखी एक. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. वाईनरीच्या टाकीत किंवा बंद तळघरात माणूस गुदमरू शकतो. तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी कामाला जात असेल तर टाकीत एकट्याने उतरू नये. जुन्या विहिरीत उतरताना जी खबरदारी घेतो तीच इथे घ्यावी.

'वाईन आंबवल्याने विषारी होते का?' असेही विचारले जाते. फळ आंबताना मिथेनॉल अगदी अल्प प्रमाणात तयार होते. माणसे मरतात ती बहुधा कारखान्यातील मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूने. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ते मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. काडी लावून ज्योतीच्या रंगावरून ओळखता येते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

वाईनमध्ये शेतकऱ्याचा वाटा

मग वाईन आपल्या कामाची नाहीच का? तसे नाही. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क झाले. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला त्यातून करारावर माल देण्याची सवय लागली. त्याने स्वतः वाईन केली नाही, वाईनरीला हवे तसे द्राक्ष दिले. डहाणूजवळ बोर्डीला चिकूपासून वाईन होते. गोव्यात काजूच्या बोंडापासून उर्राक आणि फेणी होते, आणि तेथील फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळ वाया जात होते तिथे भाव आला, आणि मद्य परवानाधारकाने केले.

मुळशीच्या गटाला या वाटेने जायचे असेल तर तीन गोष्टी जमाव्या लागतील. ठरलेल्या दिवशी एकाच पिकलेपणाचा माल, तो उथळ क्रेटमध्ये (पाटीत तळचे फळ पिचते आणि वाईनरीला पोचेपर्यंत आंबायला लागते), आणि तोडल्यापासून त्याच दिवशी पोचवण्याची सोय. एका घराची दोन पाट्या जांभळे कोणी घेणार नाही. दहा गावांची एक गाडी घेतली जाईल. बोलणी फेब्रुवारी-मार्चमध्येच करावीत. जांभळे रस्त्यावर आल्यावर कोणी करार करत नाही. आणि भाव लेखी घ्यावा.

स्क्वॅशसाठी वाईनइतकी कटकट नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची छोट्या उत्पादकांसाठीची साधी नोंदणी करून घ्यावी, बाटलीवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, परिरक्षकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले होते. अर्ज घेणे चालू आहे का हे पौडच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. अनुदान मिळेल या भरवशावर आधीच यंत्रे घेऊ नयेत. पहिल्या हंगामात दोन पातेली, एक वजनकाटा, एक तापमापक आणि शंभर बाटल्या एवढ्यावर काम भागते.

बांधावर लागवड

डोंगरातली करवंदी दरवर्षी सारखी येत नाही. वणवा लागला की जाळ्या जळतात. बांधावर कुंपण म्हणून करवंद लावले तर गुरेही अडतात आणि फळही हाताशी येते. मोठ्या फळाची 'कोकण बोल्ड' ही जात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिली आहे. जांभळासाठी 'कोकण बहाडोली' घ्यावी. कलम घेतले तर चार-पाच वर्षांत फळ धरते, बियांचे झाड आठ-दहा वर्षे वाट पाहायला लावते. जांभळाची दोन झाडे १० मीटर अंतरावर असावीत, म्हणून ती खाचराच्या बांधावर न लावता वरकसात लावावीत. भातावर सावली पडली तर शेजारी भांडायला येतो.

करवंद बियांपासून करायचे असेल तर रस काढताना उरलेले बी फेकू नये. ते राखेत चोळून, धुऊन, सावलीत एक-दोन दिवस सुकवून लगेच पिशवीत लावावे. करवंदाची उगवण फार लवकर घटते. पुढच्या वर्षासाठी डब्यात जपून ठेवलेले बी बहुधा उगवत नाही. मे अखेरीस पिशव्या भरल्या तर पुढच्या पावसाळ्यात रोपे बांधावर लावण्याजोगी होतात.